डीसीएमशिवाय कॉलम

सिंथेसिसच्या प्रयोगशाळेत कचऱ्याचे ड्रम भरतात ते मुख्यतः कॉलममुळे, म्हणजे सिलिका भरलेल्या नळीतून सॉल्व्हंट सोडून संयुगे वेगळी करण्यामुळे. अभिक्रिया 10 मिलीत उरकते, शुद्धीकरणाला अर्धा-एक लिटर सॉल्व्हंट जातो. म्हणून आधी बघावे की कॉलमची गरज आहे का. क्रूड (अभिक्रियेतून निघालेला अशुद्ध पदार्थ) घन असेल तर थोडेसे घेऊन गरम इथेनॉलमधून रिक्रिस्टलायझेशन होते का, हे तासाभरात कळते.

कॉलम करायचाच असेल तर खर्च टीएलसीवरच (सिलिकाच्या पातळ प्लेटवरची छोटी चाचणी) ठरतो. 40 ग्रॅम सिलिकाचे एक कॉलम व्हॉल्यूम (कॉलम एकदा भरायला लागणारा सॉल्व्हंट) साधारण 50 मिली धरा. आरएफ (प्लेटवर सॉल्व्हंटच्या तुलनेत संयुग किती वर चढले, ते गुणोत्तर) 0.25 असेल तर संयुग चौथ्या व्हॉल्यूमला, म्हणजे 200 मिलीच्या सुमारास उतरते, 0.1 असेल तर 500 मिली लागतात. टीएलसीसाठी आणखी दोन प्लेट खर्च करायला कंजूसी नको.

ध्रुवीय संयुग दिसले की हात डीसीएम (डायक्लोरोमिथेन) आणि मिथेनॉलच्या मिश्रणाकडे जातो. ही सवय सोडायलाच हवी. डीसीएम 40 अंशांना उकळते, हवेत सहज निसटते, आणि त्याचा हॅलोजनयुक्त कचरा वेगळा ठेवून जाळावा लागतो. त्याऐवजी इथाइल ॲसिटेट आणि इथेनॉल 3:1 प्रमाणात मिसळून एक बाटली भरा, दुसरीत हेप्टेन. पहिलीचे प्रमाण 20, 40, 60 टक्के ठेवून तीन टीएलसी करा. इथे इथेनॉलऐवजी मिथेनॉल घालू नका, ते हेप्टेनमध्ये नीट मिसळत नाही. अमाइनचा स्पॉट शेपटी काढत असेल तर 3:1 मिश्रणात 2 टक्के अमोनियाचे द्रावण घाला.

अडचणी येतात, पण त्यांची कारणे साधी आहेत. इथाइल ॲसिटेट 256 नॅनोमीटरच्या खाली स्वतःच प्रकाश शोषते, त्यामुळे ऑटोमॅटिक फ्लॅश मशीनवर 254 ला बेसलाइन चढत जाते आणि मशीन रिकाम्या नळ्या भरत सुटते. संयुग 280 नॅनोमीटरला प्रकाश शोषत असेल तर तिथे बघा. डीसीएममध्ये सहज विरघळणारे क्रूड इथे कॉलमच्या तोंडाशीच साका होऊन बसू शकते, म्हणून ते सेलाइट या गाळणीच्या पुडीवर सुकवून ती कोरडी पूड कॉलमवर चढवा (ड्राय लोड). सक्रिय एस्टरसाठी मात्र इथेनॉल टाळा, ते त्याच्याशी अभिक्रिया करते.

हेक्सेनच्या जागी हेप्टेन हा बदल सर्वांत सोपा: आरएफ जवळजवळ तोच राहतो आणि एन-हेक्सेनमुळे मज्जातंतूंना होणारी इजा टळते. फक्त हेप्टेन 98 अंशांना उकळते, त्यामुळे रोटाव्हॅपवर (कमी दाबाखाली सॉल्व्हंट उडवून काढणारे उपकरण) जास्त निर्वात लागतो.

महाराष्ट्रात इथेनॉलसाठी राज्य उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो. तो मिळेपर्यंत आयसोप्रोपेनॉल वापरून बघता येते, पण प्रमाण टीएलसीवर नव्याने ठरवावे लागेल.

राहिला रोटाव्हॅप. कंडेन्सरला नळाचे पाणी सोडून ठेवणे बंद करा, फिरता चिलर लावा. मे महिन्यात नळाचे पाणीच 30 अंशांच्या वर असते. त्यावर डीसीएमच्या वाफेचा पुन्हा द्रव होत नाही, ती पंपातून थेट बाहेर जाते. इथाइल ॲसिटेटसाठी बाथ 60 अंश आणि दाब 350 मिलिबारच्या आसपास ठेवला तर ते साधारण 48 अंशांना उकळते आणि बरेचसे द्रव होऊन जमा करण्याच्या फ्लास्कमध्ये परत मिळते. जमलेले मिश्रण टीएलसीचे भांडे आणि काचसामान धुण्यासाठी चालते. कॉलमवर पुन्हा चढवायचे तर त्यातले प्रमाण माहीत असायला हवे, आणि ते गॅस क्रोमॅटोग्राफीवर तपासूनच ठरवावे.