डाव्या हाताची शिकवणी

पेटी वाजवणाऱ्याला डावा हातही असतो, हे ऐकणाऱ्यांच्या लक्षातच येत नाही. खरं सांगायचं तर वाजवणाऱ्याच्याही येत नाही. सगळं कौतुक उजव्याचं. बोटं किती स्वच्छ पडतात, तान कशी सुटते, गायकाच्या मागोमाग कसा जातो. डावा आपला भात्यावर. मी कोथरूडला मुलांना पेटी शिकवते, भजनी मंडळांची आणि नाट्यपदांच्या कार्यक्रमांची साथ करते. एवढ्या वर्षांत कार्यक्रमानंतर आत येऊन "ताई, डावा हात काय सुंदर चालतो तुमचा" असं म्हणणारा श्रोता मला भेटलेला नाही. पेटीवादक अप्पा जळगावकरांची साथ ऐकलेल्या पुण्यात हे बोलणं जरा धाडसाचंच आहे, कारण अप्पांच्या भात्यात काय होतं ते जाणकारांना ठाऊक आहे. पण आपण सगळे काही अप्पा नसतो.

पन्नाशीला टेकल्यावर मी अकॉर्डियन घेतलं. जुनं, जर्मन बनावटीचं, डाव्या बाजूला ७२ बटणं असलेलं. "आता हे कशाला?" असं घरच्यांनी एकदा विचारून घेतलं आणि सोडून दिलं. कारण तसं जुनंच होतं. लहानपणी रेडिओवर हिंदी गाणी लागली की मधल्या तुकड्यांत हा आवाज यायचा. ते वाजवणारे गुडी सीरवाई, केर्सी लॉर्ड आणि आपल्या पुण्याचेच इनॉक डॅनियल्स, ही नावं मला फार उशिरा कळली. तेव्हा एवढंच वाटायचं, की आमचीच पेटी कुठेतरी बाहेर जाऊन, चार लोकांत मिसळून, मोकळी होऊन आली आहे.

घराणं तर एकच आहे. दोन्हीकडे हवेच्या झोताने थरथरणाऱ्या धातूच्या जिभा. पेटीत त्या पितळेच्या आणि स्क्रूने बसवलेल्या, अकॉर्डियनमध्ये पोलादाच्या आणि मेण-राळेच्या मिश्रणाने चिकटवलेल्या. म्हणून एप्रिल-मेमध्ये हे वाद्य बंद गाडीत ठेवायचं नाही, मेण मऊ पडतं. माझ्याकडे गाडी नाही. ते माझ्याबरोबर स्कूटरच्या फूटबोर्डवर बसून कॅम्पात जातं आणि सिग्नलला शेजारचे लोक पेटाऱ्याकडे बघून "काय, कुत्रं का?" असं विचारतात.

कॅम्पात, कारण माझे सर तिथे राहतात. सर माझ्या धाकट्या भाच्याच्या वयाचे. आठवडाभर खराडीच्या कंपनीत, रविवारी सकाळी चर्चमध्ये, दुपारनंतर माझ्यासारख्यांच्या तावडीत. मी त्यांना सर म्हणते, ते मला काकू म्हणतात आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नाही. पहिल्याच दिवशी म्हणाले, "काकू, तुमचा उजवा हात तयार आहे. तो जरा बाजूला ठेवू. पुढचे काही दिवस मला तुमच्याकडून काहीही छान नकोय."

उजवा हात बाजूला ठेवणं सोपं नव्हतं, कारण त्याला आपण कुठे आहोत तेच कळेना. पट्ट्या त्याच, काळ्या-पांढऱ्यांची मांडणी तीच, पण सगळी स्वरपट्टी उभी. खर्ज हनुवटीजवळ, तार सप्तक खाली जमिनीकडे. आयुष्यभर आरोह म्हणजे वर चढणं शिकवलं, आता तो गुडघ्याकडे उतरतो. शिवाय बघायची सोय नाही. मान वाकवून पट्ट्या बघायला गेलं की पट्टा खांद्यावरून सरकतो आणि सर "हं" करतात. तरी बोटं आठवडाभरात रुळली. संगीत येत असण्याचा फायदा होतो म्हणतात, तो एवढाच.

भात्याची गोष्ट वेगळी. पेटीच्या पोटात आणखी एक भाता असतो. बाहेरच्याने भरलेली हवा तिथे साठते, स्प्रिंगा ती दाबून धरतात आणि सुरांना बेताबेताने पोचवतात. त्यामुळे पेटीवाल्याचा डावा हात चुकारपणा करू शकतो. वहीचं पान उलटलं, चष्मा वर सारला, समोरच्या पोराला डोळ्यांनी दटावलं, तरी सूर तुटत नाही. अकॉर्डियनला अशी शिल्लक नाही. हात थांबला की सूर थांबला. हाताला हिसका बसला की सुरालाही बसला. मनात धाकधूक असेल तर तीही आवाजात उतरते, लपवायला जागाच नाही. प्रत्येक स्वराला जिभा दोन, एक भाता उघडताना बोलते आणि एक मिटताना, म्हणून आवाज दोन्हीकडून सलग मिळतो. पण भाता कधीतरी उलटवावा लागतोच, आणि तो कुठे उलटवायचा हे वाजवणाऱ्याने ठरवायचं. ओळ मध्येच तोडून उलटवला तर गाणाऱ्याने शब्दाच्या पोटात श्वास घेतल्यासारखं होतं. साथीला बसून मी कितीतरी गायकांचे श्वास ओळखून होते. हा आता थांबणार, हा अजून ताणणार, सगळं कळायचं. स्वतःच्या ओळीत कुठे थांबायचं, हे कधी ठरवायलाच लागलं नव्हतं.

आणि मग ती बटणं. वरून खाली बारा बटणांच्या सहा ओळी, पट्ट्यात अडकवलेल्या हाताच्या बोटांखाली, पूर्णपणे नजरेआड. एका बटणावर खळगा असतो, तो बोटाला लागला की आपण पांढरी एकवर, म्हणजे सप्तकातल्या पहिल्या पांढऱ्या पट्टीच्या सुरावर आहोत. बाकी सगळं अंधारात चाचपडणं. सरांनी पाठ करायला कागद दिला. मी तो घरी आणला, सगळी इंग्रजी अक्षरं खोडून त्यावर आपले स्वर लिहिले आणि तशीच बसून राहिले. पांढरी एकला सा मानलं तर त्याच्या वरचं बटण पंचम. त्याच्या वर रिषभ, मग धैवत, गंधार, निषाद आणि शेवटी तीव्र मध्यम. साच्या खालचं बटण शुद्ध मध्यम. म्हणजे वर बघावं तर षड्ज-पंचम भाव, खाली बघावं तर षड्ज-मध्यम भाव. परीक्षेला बसणाऱ्या पोरांकडून मी जो संवादाचा धडा दरवर्षी घोकून घेते, तो कोणीतरी बटणं लावून माझ्या डाव्या हाताखाली ठेवला होता. तंबोऱ्याच्या दोन्ही जुळण्या शेजारीशेजारी. भात्याला लागून असलेली पहिली ओळ तर प्रत्येक स्वराचा शुद्ध गंधार देते. सरांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "हो, फिफ्थ्स." एवढंच. ज्याचं घर असतं त्याला घराचं काय कौतुक.

अर्थात या मांडणीत गंमत आहे तशी शिक्षाही आहे. उजवीकडे पांढरी एक आणि काळी एक लगतच्या. डावीकडे काळी एकचा सा हवा असेल तर खळग्यापासून पाच बटणं खाली. आणि आपल्याकडचे निम्मे पुरुष काळी एकमध्ये गातात!

पुढच्या चार ओळींत एका बटणात अख्खी कॉर्ड. त्यांतल्या पहिल्या ओळीत सा ग प एकदम, ही मेजर; दुसरीत सा कोमल ग प, ही मायनर. तिसरीत त्या साला कोमल निषाद येऊन मिळतो. सर म्हणतात की हे बटण दाबलं की पुढे कुठेतरी जावंसं वाटतं. मला नाही वाटत, मी खमाज रागात निवांत बसलेली असते. भूप वाजवताना फार बरं चालतं. साची मेजर घ्या, धैवताची मायनर घ्या, रागाबाहेरचा एकही स्वर येत नाही. हुरूप येऊन मी मालकंस काढला. साची मायनर दाबली आणि दचकले, कारण त्या बटणाच्या पोटात पंचम आहे. मालकंसात पंचम! तो तर तिथे वर्ज्य. बरं, त्यातला एक स्वर काढून टाका म्हणावं तर सोय नाही, बटण तिन्ही एकदमच देतं. बऱ्याच खटपटीनंतर वाट सापडली. साच्या खालचं, म्हणजे मध्यमाचं बटण, त्याची मायनर. मध्यम, कोमल धैवत, षड्ज. तिन्ही मालकंसातले, आणि तंबोराही तिथे मध्यमातच लावतात. त्या संध्याकाळी स्वयंपाकाला उशीर झाला.

तरी राग या वाद्यावर वाजवावेत असं माझं म्हणणं नाही. मींड (सुरावरून सुरावर घसरत जाणं) नाही, श्रुती (सुरांमधले बारीक सूर) नाहीत, हे सगळे आक्षेप पेटीलाही लागू होतेच. त्याच आक्षेपांपायी रेडिओने १९४० ते १९७१ पेटीला दाराबाहेर ठेवलं होतं. आज तीच पेटी घरातून ऐकू आली की सोसायटीतल्या आजी "संस्कार हो" म्हणतात, आणि अकॉर्डियन ऐकू आलं की "ऑर्केस्ट्रा काढलाय का?" म्हणून विचारतात. पॅरिसची पायपेटी कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी मांडीशी आणून हाताची केली, त्याला दीडशे वर्षं होतील. तेवढा वेळ मिळाला की अकॉर्डियनवरही संस्कार होतील.

मला जास्त आवडलेली हकीकत व्हिएन्नाची आहे. १८२९ मध्ये सिरिल डेमियन या वाद्यकाराने अकॉर्डियनचं पेटंट घेतलं. त्याच्या त्या पहिल्या छोट्या पेटीला उजवीकडे पट्ट्याच नव्हत्या. बटणं फक्त डाव्या हाताला, एकेक बटण दाबलं की कॉर्ड. उजव्या हाताचं काम काय, तर भाता ओढणं. म्हणजे सुरुवातीला उजवा हमाल होता आणि डावा कलावंत. नंतर उजव्याने यथावकाश स्वतःसाठी पट्ट्या मिळवल्या, पण डाव्याने आपली बटणं सोडली नाहीत, उलट भातासुद्धा अंगावर घेतला. आता दोन्ही कामं तोच करतो.

सध्या आमचा सरांशी वाद चालू आहे तो तिनाच्या ठेक्यावरून. डाव्या हाताने एक बास (एकटा खालचा सूर), दोन कॉर्ड, पुन्हा एक बास, दोन कॉर्ड. त्यांना दर तीन मात्रांनी एक सापडतो. मला त्यात दादरा ऐकू येतो, धा धी ना, धा ती ना, आणि दुसऱ्या बासवर काल, म्हणजे तालातली टाळी नसलेली रिकामी जागा, असल्यामुळे माझा हात आपोआप हलका पडतो. "काकू, दुसरा इतका हळू का?" त्यांना काल समजावून सांगितला. ऐकून घेतलं, वाजवून पाहिलं, म्हणाले, छान आहे, पण चर्चमध्ये चालणार नाही. नंतर एकदा स्वतःच तसं वाजवताना सापडले.

इकडे पेटीवर परिणाम व्हायला लागला आहे. परवा तालमीत गायिका मध्येच थांबली आणि म्हणाली, "ताई, आज पेटी जरा जास्त बोलतेय." डावा हात ओळीगणिक फुगत आणि उतरत होता, विचारल्याशिवाय. मी भाता आवरला, नाट्यपद पुढे नेलं. चहाच्या वेळी तबलजी मात्र म्हणाला, बरं वाटत होतं, कशाला बंद केलंत.

सहावी ओळ, डिमिनिश्डची, अजून उघडलेली नाही. मी चोरून दाबून पाहिली. तिच्यात कोमल गंधार आहे, तीव्र मध्यम आहे, आणि काही केल्या मला त्यात राग सापडत नाही. सर म्हणतात, ती दिवाळीनंतर.