तुम्ही विचारलंत म्हणून: उंदराला मुद्दाम लकवा का आणायचा?

"धडधाकट उंदराला लकवा आणता, त्यातून आजवर निघालं काय?" मी स्ट्रोकवर, म्हणजे मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने अडून येणाऱ्या लकव्यावर, उंदरांत प्रयोग करते; म्हणून लग्नकार्यात विचारतात, भाषणानंतर विचारतात. दर वेळी मी भूल, वेदनाशामक आणि नीतिसमितीची परवानगी पुढे करते. ते सगळं खरं आहे, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर ते नाही.

गुठळी विरघळवणारं टीपीए हे औषध १९८५ मध्ये सशांवर गुणकारी दिसलं आणि १९९५ मध्ये माणसांवर. "साडेचार तासांच्या आत दवाखाना गाठा" या सांगण्यामागे ते ससेही आहेत. एवढं मी ठामपणे सांगते. मेंदूच्या पेशी वाचवणाऱ्या औषधांबद्दल मात्र बोलणं जड जातं. २००६ पर्यंत १०२६ उपाय प्रयोगांत तपासले गेले होते आणि त्यांतले ११४ माणसांवर. एनएक्सवाय-०५९ हे त्यांतलं मोठ्या आशेचं औषध. त्याची पहिली मोठी चाचणी आशादायक निघाली, २००७ मधली दुसरी त्याहून मोठी चाचणी फसली.

एक उंदीर मला विसरता येत नाही. मानेतल्या रोहिणीतून सिलिकॉन लावलेला नायलॉनचा दोरा वर सरकवून मेंदूची मधली रोहिणी अडवायची आणि ठरल्या वेळी दोरा मागे ओढायचा, ही आमची पद्धत. उजवी बाजू अडवली होती, म्हणून शुद्धीवर आल्यावर तो डावीकडे गोल गोल फिरत राहिला. प्राणीगृहातल्या काकांनी खाणं भिजवून पिंजऱ्याच्या तळाशी ठेवलं, कारण वरच्या जाळीपर्यंत त्याला पोचता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा तो डावा पाय टेकत होता. काका म्हणाले, "मॅडम, हा सुधारतोय. मग आजच का?" प्रयोगाच्या आराखड्यात चोवीस तासांनी मारायचं असं लिहिलं होतं, म्हणून आजच. मेंदूचे काप रंगवले. जिवंत भाग लाल झाला, मेलेला पांढरा राहिला, आणि तो पांढरा भाग मी मोजला. औषध कुणाला दिलं याच्या चिठ्ठ्या सहकाऱ्याकडे होत्या. त्या उघडल्या तेव्हा कळलं, याला औषध नाही, नुसतं सलाईन मिळालं होतं.

तो पांढरा भाग लहान झाला म्हणजे रोगी बरा होईल, असं तेव्हाची मी पोटतिडकीने मांडायची. आज मी तिला विचारते, आपले उंदीर तरुण, निरोगी, बहुतेक नर. वॉर्डातल्या आजीला रक्तदाब आहे, मधुमेह आहे, ती चार तास घरीच पडून होती. तेव्हाची मी म्हणते, २०१५ पासून डॉक्टर तारेच्या जाळीने गुठळी ओढून काढतात, म्हणजे आपल्या दोऱ्यासारखाच रक्तप्रवाह एकदम सुरू होतो. आता तरी आपला उंदरावरचा नमुना माणसाच्या जवळ आला ना? आला, हे मला मान्य करावं लागतं. पण अशाच उपचारासोबत दिलेलं नेरिनेटाइड, पेशी वाचवणारं आणि माकडांवर चाललेलं औषध, २०२० च्या चाचणीत कमी पडलं.

आता आम्ही चालणं आणि पंजाची पकड चार आठवडे तपासतो. काकांच्या प्रश्नाला हे उत्तर असेलही. पण त्यासाठी त्या जिवाला महिनाभर तो पाय ओढत जगावं लागतं, आणि नीतिसमितीपुढे हे कमी क्रूर आहे असं म्हणायला माझी जीभ अजून रेटत नाही.