किनाबालूची चढाई आणि तिच्याहून कठीण उतराई

बेळगाव आणि खानापूर भागातील आम्हा काही मित्रांनी या वर्षी बोर्निओ बेटावरील किनाबालूचा माथा गाठला. मलेशियाच्या साबा राज्यातील हा पर्वत ४०९५ मीटर उंच आहे. नेहमीच्या वाटेने वर जाण्यासाठी गिर्यारोहणाचे तंत्र यावे लागत नाही, परंतु गुडघ्यांची परीक्षा मात्र होतेच. आपल्याकडून जाणाऱ्यांनी चढण्यापेक्षा उतरण्याचा सराव अधिक करावा, असे माझे ठाम मत झाले आहे.

त्यामागचे गणित असे. पहिल्या दिवशी १८६६ मीटरवरील टिम्पोहोन दरवाजापासून सुमारे ३२७० मीटरवरील पानालाबान येथील मुक्कामापर्यंत सहा किलोमीटरची चढण असते, आणि तिच्यात लाकडी व दगडी पायऱ्यांना अंत नसतो. दुसऱ्या दिवशी मध्यरात्रीनंतर उठून आठशे मीटरहून अधिक चढायचे आणि त्याच दिवशी माथ्यापासून दरवाजापर्यंत सुमारे २२०० मीटर उतरायचे असते. बेळगावजवळच्या राजहंसगडावर पहाटे चालून दम वाढतो, पण उतरण्याच्या सरावाला तो पुरेसा नाही. आमच्याकडच्याच पारगड किल्ल्याच्या पायऱ्या पाठीवर ओझे घेऊन पुन्हा पुन्हा उतरणे आणि पावसाळ्यात कलानंदीगड किंवा वैजनाथच्या डोंगरातील ओल्या वाटांवर चालणे, यांचा आम्हाला खरा उपयोग झाला.

पानालाबान येथील खाटा मर्यादित असल्यामुळे परवाना आणि मुक्काम यांची नोंदणी कित्येक महिने आधी करावी. वाटाड्या सोबत असणे सक्तीचे आहे. शाकाहारी मंडळींनी तसे नोंदणीच्या वेळीच कळवावे आणि जवळ डिंकाचे लाडू, चिक्की, खजूर ठेवावेत. क्वालालंपूरहून कोटा किनाबालूला गेल्यावर साबा राज्याची स्वतंत्र पारपत्र तपासणी होते, म्हणून पुढचे वाहन ठरवताना तेवढा वेळ हाताशी ठेवावा. समुद्रकाठच्या त्या शहरातून थेट चढाईला जाण्याऐवजी पर्वताच्या पायथ्याच्या किनाबालू उद्यानाजवळ किंवा जवळच्या कुंडासांग गावी एक रात्र काढावी. दीड हजार मीटरच्या आसपास झोपल्याने शरीर विरळ हवेला थोडे सरावते. डोकेदुखी वाढत गेली किंवा उलट्या होऊ लागल्या, तर माथ्याचा हट्ट सोडून खाली यावे.

वाटेवरचे जंगल पाहण्यासाठी सावकाश चालावे. ओक आणि चेस्टनटच्या कुळातील उंच झाडे मागे पडतात, मग शेवाळाने मढलेल्या फांद्या येतात, घटपर्णी ही कीटक खाणारी वनस्पती दिसते, झाडे खुजी होत जातात आणि शेवटी उघडा ग्रॅनाइट उरतो. जांभा आणि काळा पाषाण यांवर वाढलेल्या आपल्या पायांना हा खडबडीत, उतरता कातळ नवा असतो. कोरडा असताना पाय चांगला धरतो, पण पाऊस आला की त्यावरून पाण्याचे पाट वाहतात. कातळावर लावलेला जाड पांढरा दोर आधारासाठी आहेच, शिवाय धुक्यात वाटही तोच दाखवतो, म्हणून त्यापासून दूर जाऊ नये. माथ्याच्या वाटेवरील सायात-सायात चौकीवर गळ्यातील ओळखपत्र तपासले जाते आणि ठरलेल्या वेळेनंतर पुढे सोडत नाहीत. हवामान बिघडल्यास वाटाड्या परत फिरवतो. त्याच्याशी वाद घालू नये. ५ जून २०१५ च्या भूकंपात या पर्वतावर अठरा जणांनी प्राण गमावले आणि त्यानंतर वरच्या वाटेत बदल करावे लागले. साबातील मूळ रहिवासी असलेले दुसुन लोक या पर्वताला पूर्वजांच्या आत्म्यांचे स्थान मानतात. वैजनाथाच्या डोंगरावर आपण जशी मर्यादा पाळतो तशीच येथेही पाळावी आणि माथ्यावर आरडाओरडा टाळावा.

माथ्यावर पहाटे तापमान शून्याजवळ जाते आणि वारा बोचतो. लोकरी टोपी, पाण्याने न भिजणारे हातमोजे, कपाळावर बांधायचा दिवा व त्याच्या जादा बॅटऱ्या आणि चांगला रेनकोट हे सामान प्रत्येकाकडे स्वतंत्र हवे. दुपारी बहुधा ढग दाटतात, तेव्हा सूर्योदय पाहून लवकर उतरायला लागावे. उतरताना दोन काठ्या घ्याव्यात, पावले लहान टाकावीत आणि गटातील सर्वांत सावकाश चालणाऱ्याला पुढे ठेवावे. परतीचे विमान त्याच रात्रीचे घेऊ नये. दुसऱ्या दिवशी रानाउजवळच्या पोरिंग येथील गरम पाण्याच्या झऱ्यांत पाय बुडवून बसण्यासाठी सवड ठेवावी.