खंगलेली म्हैस घेताना

पेठ वडगावच्या सोमवारच्या बाजारात गिऱ्हाईक आधी म्हशीची कास बघतं. मी शेण बघते. हे मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी शिकवलं. त्यांची जनावरांच्या उलाढालीत हयात गेली. आता गुडघ्यांमुळं त्यांना बाजार फिरवत नाही, म्हणून मी जाते. खंगलेली म्हैस घ्यायची, पोसायची आणि दिवाळीला विकायची, हा आमचा धंदा. पहिल्यांदा गेले तेव्हा हेडी लोक, म्हणजे जनावरांचे दलाल, एकमेकांकडं बघून हसले होते. आता "वहिनी, तुमच्यासाठी एक सापळा आणलाय" म्हणून हाक मारतात.

सापळा म्हणजे बरगड्या मोजता येतील अशी म्हैस. अशी म्हैस मे-जूनमध्ये स्वस्त मिळते, कारण तेव्हा सगळंच आटलेलं असतं. उसाचा हंगाम संपलेला, त्यामुळं वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, नाही. कडबा महाग झालेला. त्यात पेरणीचं बी, खत आणि पोरांच्या शाळेचा खर्च एकाच वेळी दारात उभा राहतो. विकणारा नडलेला असतो, जनावर उपाशी असतं. उपाशी जनावर घ्यायला माझी हरकत नाही. आजारी नको. दोन्ही लांबून सारखीच दिसतात, आणि या धंद्यातली सगळी परीक्षा तिथंच आहे.

म्हणून शेण. चाऱ्याला झडप घालते, तरीही पाण्यासारखं हगते आणि तरी वाळतच चाललीय, अशा म्हशीपुढं मी थांबत नाही. जोन्सचा आजार असेल तर त्याला औषध नाही, आणि तो घरच्या गोठ्यात शिरला तर बाकीच्यांचंही वाटोळं. जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबत असेल तर बहुतेक वेळा पोटात जंत किंवा यकृतात चपटे कृमी असतात. नदीकाठच्या, पाणथळ चराईच्या जनावरात हे फार. त्यावर इलाज आहे, आणि भावही पडतो. म्हणून अशी म्हैस मी सोडत नाही, बाकी अंग ठीक असेल तर.

मग दात. जुळलेली, म्हणजे सगळे दात आलेली हवी, पण दात झिजलेली नको, नाहीतर चारलेलं अंगी लागत नाही. नाकपुडी ओली आहे का, रवंथ करते का, चारी सड मोकळे आहेत का. सड स्वतः पिळून बघते. एखाद्यात गाठ लागली तर कासदाह होऊन गेलाय असं समजून मी पुढं जाते, मालक कितीही शपथा घेवो.

आणि ती गाभण पाहिजे, चार-पाच महिन्यांची. म्हशीला साधारण ३१० दिवस लागतात, म्हणजे मे-जूनमध्ये घेतलेली दिवाळीच्या आगेमागे विणार. विकणाऱ्याच्या सांगण्यावर मी जात नाही, डॉक्टरांनी हात घालून तपासल्याशिवाय इसारापलीकडं पैसा देत नाही. दिवाळीच का? तेव्हा दूध संघांकडून दिवाळीला मिळणारा दराचा फरक लोकांच्या हातात आलेला असतो. पाडव्याला कोल्हापुरात म्हशी सजवून त्यांची मिरवणूक, म्हणजे सगर, निघते, त्या दिवसांत माणसाला दावणीला चांगली म्हैस असावीशी वाटतेच.

गाय मी घेत नाही. २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर भाकड गाय किंवा थकलेला बैल अंगावर पडला की त्याला कोण विचारत नाही, मरेपर्यंत पोसायचा. पोसणं वाईट नाही, पण तो धंदा नव्हे.

घरी आणल्यावर शेजारणी म्हणतात, घाल की पोटभर पेंड. तिथंच बरेच जण फसतात. उपाशी पोटाला एकदम पेंड आणि भरडा घातला तर पोट आंबतं, म्हैस आडवी होते. पहिले काही दिवस कोरडी वैरण आणि पाणी, मग मूठमूठ गोळी पेंड वाढवायची. जंताचं औषध डॉक्टर ठरवतात; गाभणपणाच्या सुरुवातीला अल्बेंडाझोल टाळतात, फेनबेंडाझोल चालतं. खनिज मिश्रण रोज. पाऊस लागला की बांधावरचं गवत फुकट, खर्च तिथं वाचतो.

वजन मी टेपनं काढते. छातीचा घेर इंचात मोजून त्याचा वर्ग, गुणिले खांद्यापासून माकडहाडापर्यंतची लांबी, भागिले ६६०. उत्तर किलोत. गेल्या वर्षीची एक म्हैस ६६ इंच घेर, ५४ लांबी, म्हणजे ३५६ किलो भरली होती. दिवाळीपर्यंत घेर ७१ झाला, ४१२ किलो. मामा टेपकडं ढुंकूनही बघत नाहीत, पाठीवर हात फिरवतात आणि पाच-दहा किलोच्या फरकानं आकडा सांगतात. हे मला अजून जमलेलं नाही.

त्या म्हशीचा हिशोब: खरेदी ४८ हजार, पेंड-वैरण १७ हजार, डॉक्टर दीड हजार, टेम्पो दोन हजार. विकली ८२ हजाराला. गिऱ्हाइकाला सगळं सांगितलं, कुठून आणली, काय झालं होतं. त्यानं ते ऐकून दोन हजार पाडून मागितले, मी दिले नाहीत, तरी घेऊन गेला.

राहिले साडेतेरा हजार. नवरा म्हणतो, "तुझी मजुरी धर की त्यात, मग बघ." ती मी धरत नाही. घरच्या दोन म्हशींसाठी पहाटे उठावंच लागतं, तिसरीच्या शेणाला वेगळं कोण उठतंय? शेणखत मात्र धरते, ते आमच्याच उसाला जातं.