बेचाळीस ब्लॉग, एक पान

आमच्या गटातले बेचाळीस जण आपापल्या ब्लॉगवर लिहितात. सगळ्यांचं लेखन एका पानावर आणायचं काम मी अंगावर घेतलं. एका संध्याकाळी होईल असं वाटलं होतं, लागले तीन आठवडे.

सुरुवात फ्रेशआरएसएस आणि मिनिफ्लक्स या फीड वाचणाऱ्या सॉफ्टवेअरपासून केली. (फीड म्हणजे ब्लॉगवरच्या ताज्या लेखांची, सॉफ्टवेअरला वाचता येईल अशी यादी.) दोन्ही सुरेख, पण मुळात एकेका वाचकासाठी: लॉगिन करा, काय वाचलं काय राहिलं ते सांभाळा. आम्हाला हवं होतं कोणीही उघडावं असं साधं पान, डेबियन आणि ग्नोम या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पांच्या 'प्लॅनेट'सारखं, म्हणजे त्यांच्या लोकांचे ब्लॉग एकत्र दाखवणाऱ्या पानासारखं. त्या घराण्यातलं व्हीनस मला मनापासून आवडलं. सेटिंगची एक कॉन्फिग फाइल, क्रॉनने (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या साधनाने) दर तासाला चालवायचं, एचटीएमएल पान तयार. पण ते पायथन २ वर लिहिलेलं, आणि पायथन २ चा आधार २०२० च्या सुरुवातीलाच संपला. नव्या सर्व्हरवर जुनी भाषा बसवायला मन धजेना. राहिले पीएचपीमधलं मूनमून आणि रूबीमधलं प्लूटो.

दरम्यान, चाचणीच्या एका सकाळी पान उघडलं तर वरचे दहाही लेख एकाच मैत्रिणीचे, तेही तीन वर्षांपूर्वीचे! तिची फीड उघडून पाहिली. लेखांना तारीखच नव्हती, म्हणून आणल्याची वेळ हीच तारीख धरली गेली होती. शिवाय तिने डोमेन बदललं होतं. जीयूआयडीमध्ये, म्हणजे लेखाच्या ओळखखुणेत, ब्लॉगचाच पत्ता होता, त्यामुळे जुने लेख नवे ठरले. यात सॉफ्टवेअरचा काय दोष? पण हे शोधायला मला अर्धा दिवस लागला, आणि तिथेच माझी कसोटी ठरली: गडबड झाली की आत काय साठलंय ते मला उघडून बघता आलं पाहिजे.

मूनमूनला डेटाबेस लागत नाही. बसवायला त्याहून सोपं काही मी पाहिलं नाही. पण प्लूटो सगळं एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या एका फाइलीत ठेवतं. एक क्वेरी, की लेखाचा जीयूआयडी, तारीख, फीडचा ईटॅग (फीडच्या आवृत्तीची खूण), सगळं समोर. ईटॅग मला महत्त्वाचा वाटतो, कारण फीड बदलली नसेल तर समोरचा सर्व्हर नुसतं ३०४, म्हणजे 'काही बदललं नाही', एवढंच म्हणतो आणि कोणाच्या छोट्याशा होस्टिंगवर दर तासाला उगाच भार पडत नाही. प्लूटो घेतलं.

मग प्रत्येकाला विचारलं, पूर्ण लेख दाखवू की फक्त सुरुवात? नऊ जणांनी फक्त सुरुवात म्हटलं, त्यांचं तेवढंच दिसतं. मैत्रिणीने फीडमध्ये तारखा घातल्या.