चार वर्षांनी काय?

मामा लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. आमचं आजोळ साताऱ्यात, अपशिंगे मिलिटरीच्या बाजूलाच. तिकडे फौज म्हणजे पंधरा-सतरा वर्षांची नोकरी आणि मग पेन्शन. मी अग्निवीरचा, म्हणजे चार वर्षांच्या लष्करी नोकरीचा, फॉर्म भरला तेव्हा मामांनी एवढंच विचारलं, "चार वर्षांनी काय रे?" आई गप्प राहिली.

२०२५ची लेखी परीक्षा मराठीतून देता आली. तासाभरात ५० प्रश्न, चुकीच्या उत्तराला अर्धा गुण वजा. खात्री नव्हती ते सहा प्रश्न मी सोडून दिले. निकालात नंबर दिसला.

खरा घाम कागदपत्रांनी काढला. अविवाहित असल्याचा दाखला गावात सरपंच देतात. मुंबईत मार्च २०२२पासून नगरसेवकच नव्हते, मग सही कोणाची घ्यायची? तीन फेऱ्या झाल्या, प्रत्येक खिडकीवर वेगळं उत्तर. मुंबईच्या पोरांनी हे काम सगळ्यात आधी हातात घ्यावं.

धावायचा सराव भांडुपच्या पंपिंग स्टेशनच्या रस्त्यावर केला. पहाटे साडेचारला खाडीचा वास, दोन्ही बाजूंना खारफुटी, रस्ता मोकळा. भरतीच्या रॅलीत अर्ध्या रात्री रांगेत बसवलं, छातीवर नंबर दिला. १६०० मीटर साडेपाच मिनिटांत धावलं तर पहिला गट, ६० गुण; त्यानंतर प्रत्येक पंधरा सेकंदांना बारा गुण कमी. तिसऱ्या फेरीत पोटात कळ आली. पुढच्या मुलाच्या पाठीवर नजर ठेवून पळत राहिलो. वेळ संपताच दोरी आडवी पडली तेव्हा मी पलीकडे होतो, आणि माझ्या मागोमाग धावणारा मुलगा अलीकडे. त्याचा चेहरा अजून डोळ्यांसमोर येतो. मग बीमवर दहा पुलअप काढले, नऊ फुटांचा खड्डा ओलांडला. मेडिकलला कानातल्या मळामुळे थांबवलं; साफ करून गेलो, फिट झालो.

रांगेत शेजारचा म्हणाला, "मी पोलीस भरतीचीही तयारी करतोय, तिथे निवृत्तीपर्यंत नोकरी." त्याचं चुकतं असं मला वाटत नाही. चौघांतला एकच कायम होणार. बाकी तिघे सेवानिधीचे, म्हणजे चार वर्षांनी एकरकमी मिळणारे, साडेअकरा लाखांच्या आसपास घेऊन बाहेर. पहिल्या वर्षी महिन्याच्या ३० हजार पगारातले नऊ हजार या निधीत जातात, हातात २१ हजार. सीमेवर ड्रोन आणि नवनवी यंत्रं आली आहेत, ती हाताळायला शिकलेला मुलगा चौथ्या वर्षी परत पाठवायचा, हे मला पटत नाही. कायम होणाऱ्यांचा आकडा वाढायला हवा. तरीही मला जायचंय. वर्दीची ओढ मला लहानपणापासून आहे.

यादीत नाव आलं त्या रात्री मामा एक जाड वही घेऊन आले. "फायरिंग, दौड, ड्रिल, सगळ्यातले गुण पहिल्या दिवसापासून लिही. शेवटी चारही वर्षांचं बघतात."

पहिल्या पानावर मी लिहिलं: दौड, पहिला गट. पुलअप, दहा.