बंद झाकणाची बाटली

स्पीच थेरपिस्ट बाईंनी साबणाच्या फुग्यांची बाटली, झाकण घट्ट लावून, भाच्यासमोर ठेवली आणि गप्प बसून राहिल्या. ताई लगेच सुरू, “उघड म्हण ना बाळा!” बाईंनी हातानंच थांबवलं.

पोरानं झाकण ओढून पाहिलं. मग बाईंचा हात धरून झाकणावर ठेवला आणि थेट त्यांच्या डोळ्यांत पाहिलं.

“मागितलं की त्यानं,” बाई म्हणाल्या आणि लिहून घेतलं.

आम्ही समजत होतो, चित्रं दाखवून ‘हे काय, ते काय’ विचारतील. तेही झालं, पण खूप उशिरा. आधी बाळंतपणापासूनची चौकशी: कधी बसला, कधी चालला, कान फुटला होता का, चावून खातो का. घरी मराठी, खाली खेळताना हिंदी, हेही विचारलं. (दोन भाषांमुळे बोलणं लांबत नाही म्हणे. नागपुरात राहून हे ऐकलं, बरं वाटलं.) बोट न दाखवता “चेंडू आईला दे” सांगून पाहिलं. दिला त्यानं! आणि कानाची तपासणी आधी करून या, हे ठासून सांगितलं.

दोन वर्षांचं मूल साधारण ५० शब्द बोलतं, दोन शब्द जोडतं. आमच्याकडे अजून चार-पाचच.

घरी आल्यावर आजीचं ठरलेलं, “याचा मामा तिसऱ्या वर्षी बोलला बाप्पा, काहून नेता त्याले?”

तो मामा म्हणजे मीच. आता आजीला काय सांगू?